परीटघडी

ह्या शहरात दर चार वर्षांनी कॉलरचं माप बदलतं.
जुने गळे जातात, नवे येतात,
डाग तेच राहतात. कॉफी, शाई, वाईन,
आणि काखेतला घाम, भाषणाच्या आधीचा.
तो आधी थंड पाण्यात, पाक साहेब म्हणाले होते,
दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवताना.
गरम पाणी लागलं की कायमचा बसतो.
त्यांनी मला दिलेला हा एकमेव सल्ला.
बाकी सगळं करारात होतं.

पाक साहेब सोलचे, मी राजापूरची,
वाफेच्या प्रेसवर त्सेहाय, अदिस अबाबाहून आलेली.
त्सेहाय म्हणजे सूर्य, तिनेच सांगितलं,
वाफेत उभी राहून, घाम पुसत.
वॉशिंग्टनची इस्त्री
आम्हा लोकांच्या मनगटावर चालते.

आई गावात सांगते,
मुलगी राजधानीत असते, सरकारी लोकांत ऊठबस आहे.
खोटं नाही.
कोण जाड झालं, कोण वाळलं,
कोणाच्या शर्टांची संख्या अचानक अर्धी झाली,
म्हणजे घर वेगळं झालं,
हे मला वर्तमानपत्राआधी कळतं.
मी बोलत नाही. खळ मध्यम की कडक, एवढंच विचारते.

गल्ल्याच्या वर मी पाटी लावली आहे, मराठीत:
आज रोख, उद्या उधार.
गिऱ्हाइकांना तो मंत्र वाटतो.
एकाने तर डोळे मिटून हात जोडले,
आणि मग क्रेडिट कार्ड पुढे केलं.

मग एका हिवाळ्यात सरकार बंद पडलं.
आमच्याकडे सरकार पडतं, ते ठाऊक होतं,
बंद पडतं, गिरणीसारखं, हे नवीन.
कार्यालयांना कुलुपं, पगार नाही,
शर्टांना अंगं नाहीत.
सरकता दांडा दिवसभर जागच्या जागी.
त्सेहाय माझ्याच पडद्यांना इस्त्री करत बसली.
जे थोडे आले ते हळू आवाजात आले,
पुढच्या महिन्यात चालेल का?
कॅलेंडरच्या मागे मी नावं लिहिली
आणि पाटीकडे पाठ करून उभी राहिले.
उद्या आला, उशिरा आला, पण आला.
दोघांनी बुडवले. ते दोघेही वकील.

निवडणुकीनंतरचं वेगळंच असतं.
कोट येतात आणि न्यायला कोणी येत नाही.
पावतीवर छापलं आहे, नव्वद दिवसांनंतर आम्ही जबाबदार नाही.
पण फेकायचे कसे?
आमच्याकडे धुतलेल्याला मान असतो.
दांड्याच्या टोकाला, बोइलरजवळ,
एक अख्खं हरलेलं सरकार प्लास्टिकमध्ये लटकतं.

त्यातला एक कोट परवा गेला.
मिस्टर व्हिटकॉम्ब, चार वर्षांनी,
हातात गुलाबी पावती, घड्या पडून कापसासारखी मऊ.
खिशातल्या वस्तूंचं पाकीट मी टाचून ठेवलं होतं, न वाचता:
घशाच्या दोन गोळ्या, एक चौघडी कागद.
त्यांनी कागद उघडला, उभ्याउभ्या वाचला,
हसले, आणि माझ्या टोपलीत टाकला.
त्सेहायने टोपलीकडे पाहिलं, मी त्सेहायकडे.
गोळ्या त्यांनी खिशात ठेवल्या.

कोट घालून पाहिला. खांद्यावरून ओघळला.
थोडा आत घ्याल का, ते म्हणाले, बुधवारी मुलाखत आहे.
मंगळवारी संध्याकाळी, मी म्हणाले.
नवी पावती फाडली. नाव. फोन.
कार्यालय, हा रकाना आला,
सरकारी माणसाला दहा टक्के सवलत असते.
ते थांबले. टाय नव्हता, तरी टायच्या जागी हात गेला.
आता नाही, म्हणाले.

सवलतीचं बटण माझं आधीच दाबून झालं होतं.
रद्द करायला मॅनेजरचा कोड लागतो.
मॅनेजर मीच आहे.
म्हटलं, कोड आठवत नाही.